सासवण्याचे करमरकर शिल्पालय : एका घराचा आणि संस्थेचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याच्या हाती सामान्यतः ठरावांची वही, घटनेचा मसुदा, देणगीदारांची यादी आणि उद्घाटनाचे छायाचित्र एवढी सामग्री असते, व तिच्या आधाराने सालवारी लावली की त्याचे काम बहुतेक पुरे होते. अलिबाग तालुक्यातील सासवणे येथील करमरकर शिल्पालयाचा इतिहास या रीतीने लिहिता येत नाही. कोणा दरबाराच्या हुकुमाने वा सरकारी मंजुरीने हे शिल्पालय स्थापन झालेले नाही. एका शिल्पकाराने राहण्यासाठी व काम करण्यासाठी उभारलेले घर त्याच्या पश्चात त्याच्या माणसांनी रसिकांसाठी उघडे ठेवले, आणि घराची वहिवाट हीच कालांतराने संस्थेची वहिवाट झाली. त्यामुळे शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे चरित्र, त्यांचे घर आणि हे शिल्पालय ही तीन प्रकरणे वेगवेगळी करून सांगणे शक्य नाही, आणि तसे करणे इष्टही नाही.

प्रदेश आणि बालपण

आज ज्यास आपण रायगड जिल्हा म्हणतो, तो 1 जानेवारी 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा या नावाने सरकारी दप्तरात नोंदलेला होता. आणि नानासाहेबांचे सारे आयुष्य त्या जुन्या कुलाब्यातच, म्हणजे मुंबई इलाख्याच्या एका आडबाजूच्या पण समुद्रमार्गाने मुंबईस अगदी लागून असलेल्या मुलुखात रुजलेले होते. रेवस, मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ आणि मग अलिबाग अशी ही किनाऱ्याची गावे एकापाठोपाठ एक येतात. पश्चिमेस समुद्र, थळसमोर खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग, पूर्वेस कनकेश्वराचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे व मिठागरे, असा हा प्रदेश आहे. आंग्र्यांच्या आरमाराने गाजविलेला हा किनारा एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली आला, तरी त्याचे ग्रामजीवन फारसे पालटले नाही. कोळी मासळीच्या मागे, आगरी शेती व मिठाच्या मागे, भंडारी आपल्या माडांच्या मागे आणि ब्राह्मण कुटुंबे आपल्या वाड्या व देवळे सांभाळीत, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

अशा या प्रदेशातील सासवणे गावी 2 ऑक्टोबर 1891 रोजी विनायकाचा जन्म झाला. वडील पांडुरंग हे गणपतीच्या मूर्ती घडवीत. कोकणातील गणपतीचा कारखाना म्हणजे श्रावण-भाद्रपदात घराच्या ओटीवर मांडलेला मातीचा संसार असतो. माती भिजविणे, मळणे, साच्यात दाबणे, सोंड व हात जुळविणे आणि शेवटी डोळे रेखणे ही कामे मुले पाहत-पाहतच शिकतात. कलाशाळेत पुढे जे शास्त्र म्हणून शिकविले जाते, त्यातील मातीच्या स्वभावाची ओळख या मुलास शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच झालेली होती, आणि ती त्यास आयुष्यभर पुरली.

या बालपणातील एक प्रसंग शिल्पालयात येणाऱ्यास आवर्जून सांगितला जातो. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे अश्वारूढ चित्र काढले होते, ते कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांनी मुलाची चौकशी करून त्यास मुंबईच्या कलाशाळेत पाठविण्याची तजवीज केली. रॉथफिल्ड हा निव्वळ कागद चालविणारा अंमलदार नव्हता. पुढे भारतीय स्त्रियांविषयी त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यातील चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधरांची आहेत. यावरून त्याची नजर चित्राकडे कशी वळत असे याचा अंदाज येतो. जिल्ह्याच्या दौऱ्यावर सारा, पीकपाणी आणि तगाईचे अर्ज पाहण्यास निघालेल्या साहेबाने देवळाच्या भिंतीवरील कोळशाच्या वा रंगाच्या रेषांपाशी थांबावे, ही गोष्ट सासवण्याच्या इतिहासात कोणत्याही सनदेपेक्षा मोलाची ठरली.

शिक्षण आणि प्रवास

सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा 1857 मध्ये स्थापन झालेली. तिच्या शिल्पशाखेची परंपरा तोवर चांगलीच दृढ झालेली होती. मानवी देहाचे यथातथ्य मापन, प्रकाशछायेचा अभ्यास, ग्रीक प्रतिमांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून केलेली रेखाटने, हा तेथील शिक्षणक्रमाचा कणा होता. आणि याच कलाशाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांच्या 'मंदिरपथगामिनी'ने देशी विद्यार्थीही त्या विद्येत कोणास हार जात नाही हे सिद्ध केले होते. करमरकर तेथून गौरवाने उत्तीर्ण झाले. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकुर यांच्या आग्रहावरून ते कलकत्त्यास गेले व तेथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली. त्या काळच्या कलकत्त्यात एकीकडे अवनींद्रनाथांचा नवबंग संप्रदाय पाश्चात्त्य यथार्थवादास नकार देत होता, तर दुसरीकडे व्यक्तिशिल्पांची मागणी करणारा धनिक व सुशिक्षित वर्ग होता. कोकणातून गेलेल्या या तरुणाने आपले यथार्थदर्शन सोडले नाही, तथापि भारतीय विषय व भारतीय चेहरे यांचा मान राखण्याची शिकवण त्या वातावरणातून त्यास नक्कीच मिळाली असावी.

1920 च्या सुमारास ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत त्यांनी अभ्यास केला. ब्राँझच्या ओतकामाचे ज्ञान त्यांनी तेथे संपादन केले, आणि त्या काळी मोठ्या ओतीव पुतळ्यांसाठी विलायतेकडे डोळे लावून बसणाऱ्या हिंदुस्थानात ते ज्ञान घेऊन परतणे ही एका अर्थी स्वदेशीचीच सेवा होती.

पुण्याचा पुतळा

या ज्ञानाची कसोटी लागली ती पुण्याच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात उभ्या असलेल्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याच्या वेळी. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने योजलेल्या या स्मारकाची कोनशिला 19 नोव्हेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसली. परंतु पुढील वर्षाच्या मे महिन्यात शाहू महाराज निवर्तले, आणि 1925 साली, या कार्यास ज्यांचा भक्कम आधार होता ते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदेही गेले. एवढे आघात सोसून राजाराम छत्रपतींच्या कारकिर्दीत हे काम नेटाने पुढे नेण्यात आले आणि त्यात करमरकरांच्या हाती पुतळ्याची जबाबदारी आली. साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा मुंबईच्या माझगाव गोदीत ब्राँझमध्ये एकसंध ओतला गेला. घोड्यासह स्वार एकाच ओतात घेणे म्हणजे काय जोखीम, हे धातूचे काम जाणणाराच समजू शकेल: वितळलेला रस एका क्षणी सर्वत्र पोहोचला पाहिजे, आतील वायू निघून जाण्यास वाटा राहिल्या पाहिजेत, आणि एखाद्या पायाशी वा लगामाशी रस गोठून अडला तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाया जावयाची. जून 1928 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले, आणि सासवण्याच्या देवळाच्या भिंतीवर ज्या विषयाने आरंभ झाला होता, त्याच विषयाने करमरकरांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविले.

पुतळा पाहताना ध्यानी येते की महाराजांची मुद्रा शांत आहे व सारे चैतन्य घोड्याच्या देहात साठविले आहे. मानेचा बाक, छातीचे स्नायू आणि पुढे झेपावण्यापूर्वी क्षणभर आवरून धरलेली शक्ती, हे ज्याने प्राण्याच्या शरीराचा मनापासून अभ्यास केला त्याचेच काम. या अभ्यासाचा दुसरा पुरावा सासवण्यात आहे, आणि तो राजघराण्याच्या पागेतील नसून गावच्या गोठ्यातील आहे.

घरातील शिल्पे

कीर्ती मिळाल्यावरही नानासाहेबांनी सासवण्याशी संबंध तोडला नाही. येथे त्यांनी घर उभारले, आणि भाड्याने वा मागणीने न केलेली, केवळ मनाच्या ओढीने घडविलेली कामे त्या घरात व आवारात जमू लागली. 'शंखध्वनी' या त्यांच्या शिल्पास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले होते. अशा नावाजलेल्या कृतींच्या जोडीने कोळी तरुणी, खेड्यातील बायामाणसे, मुले आणि जनावरे यांच्या प्रतिमांनी हे घर भरत गेले. शंभराहून अधिक शिल्पांचा हा संग्रह पाहताना लक्षात येते की मागणीदारांच्या व्यक्तिशिल्पांत जो दरबारी पोशाख व दरबारी मुद्रा असते तिचा येथे मागमूस नाही. अंगावर नेसलेले लुगडे, श्रमाने रुंदावलेले पंजे, उन्हाने बारीक झालेले डोळे, एवढ्याच भांडवलावर शिल्पकाराने काम केले आहे.

आवारातील म्हशीचे पूर्णाकृती शिल्प हे या संग्रहाचे मर्म होय. पुतळ्यांच्या जगात मान घोड्याला, सिंहाला आणि फार तर नंदीला मिळतो. म्हैस दूध देते, चिखलात लोळते आणि स्मारकांच्या यादीत कोठेही येत नाही. ज्या हातांनी छत्रपतींचा घोडा घडविला त्यांनीच घरच्या म्हशीस तिच्या पूर्ण मापात उभे करावे, तिच्या कातडीच्या वळ्या, कमरेची उंच हाडे, पोटाचा भार आणि मागे वळलेली शिंगे यांत तसूभरही कसूर करू नये, यात त्या कलावंताची सारी निष्ठा प्रकट होते. थोराचा आणि सामान्याचा विषय त्याच्यापाशी एकाच मापाने मोजला गेला. माझ्या मते या शिल्पालयाने जगास सांगावयाचे जे काही आहे ते या एका वाक्यात येते, आणि बाकीचा इतिहास त्याचेच विवरण आहे.

यांतील पुष्कळशी कामे सिमेंटची आहेत, आणि ही निवड समजून घेण्यासारखी आहे. संगमरवर दुरून आणावा लागतो, ब्राँझ खर्चाचे. मागणीवाचून स्वतःसाठी काम करणाऱ्या शिल्पकारास दोन्ही परवडत नाहीत. सिमेंटचे शिल्प घडविताना प्रथम सळ्यांच्या सांगाड्यावर ओल्या मातीची पूर्ण प्रतिमा करतात आणि ती तडकू नये म्हणून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवतात. नंतर तिच्यावर प्लास्टरचा साचा तुकड्यातुकड्यांनी घेतात, माती काढून टाकतात, साच्याच्या आतील अंगास तेल वा साबणाचा हात देतात, आणि आत सळ्या ठेवून सिमेंट व बारीक वाळूचे मिश्रण दाबून भरतात. काही दिवस पाणी मारल्यावर साचा छिन्नीने जपून फोडावा लागतो. मातीत चूक सुधारते, सिमेंटमध्ये ती कायमची राहते. म्हणून जे सांगावयाचे ते मातीतच पुरे सांगून झाले पाहिजे. गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या माणसास साच्याची आणि मातीची ही शिस्त परकी नव्हती.

याच काळात बंगालात रामकिंकर बैज शांतिनिकेतनच्या मैदानात सिमेंट व मुरमाड खडी यांच्या साहाय्याने 'संथाल कुटुंब' (1938) घडवीत होते. दोघांचा विषय श्रमजीवी माणूस, दोघांचे माध्यम स्वस्त सिमेंट. परंतु रामकिंकरांनी खडीचा खरखरीतपणा तसाच ठेवून आकार मोकळा सोडला, तर करमरकरांनी सिमेंटलाही कातडीचा मऊपणा देईपर्यंत हात राखला. एकाने कलेच्या नव्या युगाचा दरवाजा उघडला असे इतिहासकार म्हणतात. दुसऱ्याने जुन्या विद्येचा शेवटचा दाणाही वाया जाऊ दिला नाही. सासवण्यास येणाऱ्या अभ्यासकाने हा भेद मनात बाळगून पाहिल्यास दोघांचेही मोल त्यास अधिक उमगेल.

घराचे शिल्पालय

भारत सरकारने पद्मश्री देऊन नानासाहेबांचा गौरव केला. 13 जून 1967 रोजी त्यांचे देहावसान झाले. अशा वेळी सामान्यतः जे होते ते आपण जाणतो: संग्रह वाटला जातो, काही कामे विकली जातात, काही नातलगांच्या माळ्यावर पडून राहतात, आणि घर दुसऱ्याच्या ताब्यात जाते. येथे तसे झाले नाही. कुटुंबीयांनी, आणि त्यांतही त्यांच्या स्नुषेने, हा संग्रह एकत्र ठेवला, घराचे दालन पाहणाऱ्यांसाठी उघडे केले, आणि आल्यागेल्यास शिल्पांची माहिती देण्याचे काम वर्षानुवर्षे स्वतः केले. गावात आजही 'म्युझियम कुठे?' असे विचारले तर रिक्षावाला वा वाडीवरचा माणूस न चुकता वाट दाखवितो. शिल्पालय हा शब्द पाटीवर आणि स्मरणिकेत अधिक वापरला जातो.

महाराष्ट्रातील इतर संग्रहालयांशी तुलना केल्यास या घटनेचे वेगळेपण दिसते. मुंबईचे भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुले झाले ते सरकार व नागरिकांच्या उपक्रमातून; औंधचे श्री भवानी संग्रहालय 1938 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या रसिक राजाश्रयाने; पुण्याचा राजा केळकर संग्रह एका संग्राहकाच्या वेडातून आणि पुढे सरकारास दिलेल्या दानातून. पॅरिसमध्ये रोदँने आपले काम राष्ट्रास दिले आणि 1919 साली त्याचे संग्रहालय उघडले, त्यामागे फ्रान्सच्या कायदेमंडळाची मोहोर होती. सासवण्याच्या मागे तिजोरी नाही, तनखा नाही. येथील शिल्पे ज्या माणसांकडे पाहून घडली त्यांचीच नातवंडे-पतवंडे आजही आसपासच्या वाड्यांत राहतात. कलाकृती, तिचे मूळ आणि तिचा रक्षक ही तिन्ही एका गावात नांदत असलेली उदाहरणे फार थोडी आहेत.

जतनाची कामे

समुद्रकाठी शिल्पे राखणे हे नित्याचे कष्टाचे काम आहे. खारा वारा सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो, आतील सळीस गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे सिमेंट चिरते. बाहेरून ती चीर केसाएवढी दिसते, तिच्या मुळाशी मात्र सळी कधीच पोखरलेली असते. प्लास्टर दमट हवेत ओलावा ओढून घेते व त्यावर बुरशी धरते. ब्राँझवर हिरवट थर चढतो. त्यांपैकी एक थर धातूचे रक्षण करतो, दुसरा त्यास खातो, आणि दोहोंतील फरक तज्ज्ञासच कळतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लाँचा बंद होतात, पाहणाऱ्यांची संख्या रोडावते, आणि पुढचे तीन महिने दारे-खिडक्या कधी उघडाव्या व कधी लावाव्या, कोठले कापड कोठे वापरावे, कोठे पाणी झिरपते, याचेच व्यवधान घरातल्यांस असते. 3 जून 2020 रोजी याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या हजारो झाडांना जमीनदोस्त केले. उघड्यावरील शिल्पांच्या भवितव्याचा विचार आता ऋतुमानाच्या जुन्या हिशेबाने पुरा होणार नाही, हा इशारा त्या दिवसाने सर्वांस दिला.

त्याचबरोबर प्रदेशही झपाट्याने पालटत आहे. ज्या किहीमच्या वाडीत 1930 साली सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला, त्या परिसरात आज मुंबईकरांचे बंगले उभे आहेत. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसे आणणारी रो-रो फेरी सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला, आणि अलिबाग मुंबईच्या दाराशी आले. जमिनीचे दर वाढले की जुनी घरे जातात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. या लोंढ्यात करमरकरांचे घर जागीच राहिले, हे त्या कुटुंबाच्या निग्रहाचे फळ होय.

पुढील कार्य

संस्थेच्या इतिहासाचे शेवटचे प्रकरण नेहमी अपेक्षांचे असते. या शिल्पालयास आज तीन गोष्टींची निकड आहे. पहिली, प्रत्येक शिल्पाची सविस्तर नोंदवही: नाव, माध्यम, माप, काळ, झालेली दुरुस्ती आणि चारही बाजूंची छायाचित्रे, कारण नोंद नसलेली वस्तू हरवली तर हरवली असे सिद्धही करता येत नाही. दुसरी, गावातील वृद्धांच्या आठवणींचे संकलन. कोणत्या शिल्पास कोण बसले होते, नानासाहेब कसे काम करीत, माती कोठून आणीत, हे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. तिसरी, जिल्ह्यातील शाळांशी नियमित संबंध. पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत आजही शेकडो मुले मातीशी खेळत वाढत आहेत, आणि त्यांपैकी कोणाच्या बोटांत काय दडले आहे ते पाहण्यास आता कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

खर्चाची तोंडमिळवणी, तज्ज्ञांची मदत आणि सरकारदरबारी पाठपुरावा ही कामे एका कुटुंबाच्या खांद्यावर कायमची टाकून ठेवणे न्यायाचे नाही. घर म्हणून हे शिल्पालय टिकले, याचे श्रेय त्या घराचे; संस्था म्हणून ते पुढे टिकावे, याची जबाबदारी मात्र ग्रामपंचायतीपासून कलाशाळेपर्यंत ज्या ज्या कोणी नानासाहेबांचे नाव अभिमानाने घेतले त्या सर्वांची आहे, आणि तिचा पहिला हप्ता नोंदवहीच्या पहिल्या पानाने फेडता येण्यासारखा आहे.